साल 1790, नदी मोकळी करायची आहे: नव्या मुकादमासाठी

समजा, साल 1790 आहे आणि तुम्ही उत्तर कॅरोलिनातले एक बऱ्यापैकी शेतकरी आहात. मका, डुकरं, थोडा तंबाखू. काउंटीचं कोर्ट तीन महिन्यांनी एकदा भरतं आणि या खेपेला तुम्ही गेला नाहीत. संध्याकाळी शेजारी निरोप घेऊन येतो: क्रीकच्या (इकडे लहान नदीला क्रीक म्हणतात) मुखापासून वरच्या गिरणीपर्यंत पात्र मोकळं करून घ्यायला कोर्टाने ओव्हरसिअर नेमला आहे आणि तो तुम्ही आहात. जो बैठकीला नसतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

घाबरू नका. माझी एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात गेली, त्यातली निम्मी माणसं आणि पाणी एका वेळी एका जागी आणण्यात. निवृत्तीनंतर वर्षातले पाच-सहा महिने मी मुलीकडे, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला असतो. गावाला लागूनच जेम्स नदी. सप्टेंबरात पाणी उतरलं की पात्रात दगडांच्या सरळ रेघा दिसतात. नदी आपणहून सरळ रेघ मारत नाही, म्हणून चौकशी केली आणि या नादाला लागलो. तेव्हाच्या लोकांनी हे कसं केलं, हे मी माझ्या धंद्याच्या नजरेने बघतो. ओव्हरसिअरला मी इथे मुकादमच म्हणणार. काम तेच, शिव्याही त्याच.

आधी हुकूम वाचा

उत्तर कॅरोलिनात 1764 साली, म्हणजे इंग्रजी अमलातच, रस्ते, पैलतीराला नेणाऱ्या फेरी-नावा आणि पुलांच्या कायद्यातच नद्या आणि ओढे साफ करण्याचं काम घातलं गेलं. स्वातंत्र्यानंतर 1784 च्या कायद्यात तेच पुन्हा आलं. त्यांच्या हिशेबी नदी हा रस्ताच, फक्त ओला. रस्त्याला जशी माणसं बोलवायची तशीच नदीला. शेजारी दक्षिण कॅरोलिनात पॅरिशवार, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या विभागांवर, कमिशनर असत. रस्ते, बांध, ओढे, पाण्याच्या वाटा, सगळं त्यांच्याच माथी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तंबाखूसाठी. तंबाखू हॉग्सहेड नावाच्या मोठ्या पिंपात ठासून भरत. एका पिंपाचं वजन हजार पौंडांच्या घरात. ते पिंप आडवं पाडून, आस बसवून, जनावर जुंपून बंदरापर्यंत चक्क लोळवत न्यायचं. त्या वाटांना नावच पडलं रोलिंग रोड. पाऊस झाला की पिंप चिखलात आणि चिखल तंबाखूत. त्यामानाने जेम्सवरची बटो नावाची लांबट, उथळ नाव एका खेपेला दहा पिंपं सहज नेई. भरलेल्या नावेलाही फूट-दीड फूट पाणी पुरे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तुमचं सगळं काम त्यावर ठरणार आहे. तुम्हाला नदी खोल करायची नाही. एका नावेपुरती, दीड फूट पाण्याची सलग वाट हवी, बस्स. नवा मुकादम पहिली चूक करतो ती इथेच: अख्खं पात्र झाडून काढायला निघतो.

हुकमात तीन गोष्टी लिहून घ्या. कुठून कुठपर्यंत; कोणाकोणाचे हात; आणि जे हात नदीवर राबतील त्यांना त्या वर्षी रस्त्याचं काम माफ. तिसरी कोर्टाच्या वहीत चढली नाही, तर दोन महिन्यांनी रस्त्याचा मुकादम तुमचीच माणसं उचलून नेईल आणि ती तुम्हाला शिव्या घालतील.

हात म्हणजे कोण

कागदावर 'हात'च लिहायचं. माणसं नाही, हात. सोळाच्या वरचे, आणि वरची मर्यादा राज्याराज्यात वेगळी, कुठे पन्नास, कुठे साठ. धर्मोपदेशक वगैरे काहींना सूट. बाकीच्यांना आधी वर्दी द्यायची, घरोघर जाऊन, तारीख आणि कुठलं अवजार आणायचं ते सांगून. वर्दी न देता दंड मागितलात तर कोर्टात तोंडावर पडाल. वर्दी देऊनही आला नाही तर दिवसाप्रमाणे दंड. आणि तुम्ही स्वतः कामात ढिलाई केलीत तर दंड तुम्हालाही.

इथे मला थोडं थांबायचंय. इकडच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकांत या कामाचं वर्णन असं करतात की वाचणाऱ्याला श्रमदानच वाटावं: गाव एकत्र आला, नदी मोकळी केली. थोडं तसं होतंही. पण आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वेठ. आणि वेठीतही दोन पायऱ्या. गोऱ्या शेतकऱ्याला यायचं नसेल तर तो दंड भरू शकत होता किंवा बदली माणूस पाठवू शकत होता. ज्याच्याकडे गुलाम होते तो त्यांना पाठवी आणि स्वतः घरी बसे. कॅरोलिनाच्या किनाऱ्याकडे आणि व्हर्जिनियात थंड पाण्यात छातीपर्यंत उभं राहून पहार मारणारे बहुतेक हे गुलामच. वहीत मालकाचं नाव येतं, 'अमक्याचे हात' असं. ज्याचे ते हात होते त्याचं नाव नाही. पुढे याच लोकांनी जेम्सवरच्या बटो चालवल्या. तीन-तीन माणसांचा ताफा, लांब काठ्यांनी नाव रेटत. नदीचा प्रत्येक दगड त्यांना पाठ. म्हणून मुकादमाला माझा सल्ला: मालकांशी गोड बोला, पण कुठला दगड हलतो आणि कुठला नाही हे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारा. माझ्या खात्यातही आराखडा वरून यायचा, आणि पाणी कुठून फुटणार ते मजुराला माहीत असायचं.

वेठीवर काम होत नसेल तर दुसरी वाट वर्गणीची. कागद फिरवायचा, कोणी पैसे लिहितो, कोणी मका, कोणी दिवस. पैसे लिहिताना कुठल्या राज्याच्या हिशेबाने ते आधी ठरवा. स्पॅनिश चांदीचा डॉलर सगळीकडे एकच, पण त्याचे शिलिंग व्हर्जिनियात 6, पेनसिल्वेनियात साडेसात, न्यूयॉर्कात 8. डॅन नदी उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनियाची हद्द पुन्हा पुन्हा ओलांडते. तिथे 'दहा शिलिंग' एवढंच लिहून घेतलंत तर वसुलीच्या वेळी मजा बघा.

एकदा स्वतः वाहून जा

हात गोळा करण्याआधी एक डोंगी घ्या आणि वरच्या टोकापासून मुखापर्यंत स्वतः जा. काठाने घोड्यावरून नाही. काठावरून सगळ्या नद्या सारख्याच दिसतात.

याचं उत्तम उदाहरण थॉमस जेफरसन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा. शार्लट्सव्हिलजवळची रिव्हॅना नदी म्हणजे रिकामी डोंगीही जेमतेम जायची, अशी ख्याती. हा गडी वयात आल्या-आल्या डोंगीत बसून ती बघून आला. त्याच्या लक्षात आलं की अडसर आहे तो सुट्या दगडांचा, खालच्या कातळाचा नाही. मग 200 पौंडांची वर्गणी उभी केली, विधिमंडळातून कायदा करून घेतला आणि नदी मोकळी झाली. पुढे 1800 साली, उपराष्ट्राध्यक्ष असताना, आपण देशासाठी काय केलं याचं टिपण त्याने लिहिलं, तर त्यात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी या नदीचा उल्लेख आहे. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं.

जाताना खुणा करायच्या. प्रत्येक अडथळ्यापाशी काठावरच्या झाडाला कुऱ्हाडीने साल काढून खूण: लाकडाला एक, सुट्या दगडाला दोन, कातळाला तीन. हा माझा शोध, कायद्यात नाही. पण त्यावरून लगेच कळतं की कुठे कुऱ्हाडी न्यायच्या, कुठे पहारी, कुठे सुरुंग. काठीने खोली बघत चला. जिथे पाणी पसरट होऊन खळाळतं तिथे खोली मिळणार नाही, पण धार कुठून निघते ते दिसेल. पृष्ठभागावर पाण्याची जीभ तयार होते, गुळगुळीत, खालच्या अंगाला टोक असलेली. ती नदीने स्वतः निवडलेली वाट. तिच्याशी भांडू नका.

(मागच्या जूनमध्ये इकडचे हौशी लोक जुन्या पद्धतीच्या बटो बांधून लिंचबर्गहून खाली नेतात, तेव्हा एका नावेत मलाही बसवलं. एका जुन्या वाटेपाशी मी मोठ्या अधिकाराने 'डावीकडे' असं सांगितलं. जीभ उजवीकडे होती. नाव दगडावर बसली, सगळे कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलत होते आणि मी वयाचा मान म्हणून वरच बसलो होतो. त्यानंतर कोणी मला काही विचारलं नाही.)

कधी

वर्षातला एकच काळ सोयीचा आहे. मक्याची शेवटची खुरपणी झाली की जुलैच्या मध्यापासून चाऱ्यासाठी मक्याची पानं ओढायला लागेपर्यंत तीन-चार आठवडे हात मोकळे असतात. पाणीही उतरत आलेलं असतं. त्याच्या पुढे पाणी आणखी खाली जातं, पण तंबाखू कापणीला येतो आणि मग कोणीही येत नाही, दंड काहीही असो.

वसंतात तर नावही काढू नका. तेव्हा शॅड मासे समुद्रातून वर चढतात, आणि मासे धरायचे बांध जो तोडायला जाईल त्याची खैर नाही. त्यावर पुढे येतोच.

उन्हाळ्यातली अडचण म्हणजे हिवताप. सखल भागात, दलदलीच्या कडेला ऑगस्टमध्ये हमखास. डासांचा संबंध तेव्हा कोणाला माहीत नव्हता. वाईट हवेने ताप येतो असं मानत. कारण चुकीचं असलं तरी उपाय थोडासा लागू पडतो: मुक्काम दलदलीपासून लांब, उंचावर, वाऱ्याला करा. आणि ओंडक्यांच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने बडवा. कॉटनमाउथ नावाचा जाडजूड विषारी पाणसाप त्याच जागी बसतो.

सुरुवात मुखाकडून

हे एक वाक्य घोकून ठेवा: काम खालून वर न्यायचं. सगळ्यांना वाटतं की वरून सुरू करावं, सोडलेलं लाकूड आपोआप वाहत जाईल. जातं, आणि खालच्या न सोडवलेल्या ढिगाऱ्यात जाऊन अडकतं. आठ दिवसांनी तुम्ही तिथे पोचता तेव्हा तो दुप्पट झालेला असतो, आणि निम्मा तुमच्याच हातचा. खालून निघालात तर वरून सुटलेली प्रत्येक काडी साफ केलेल्या पात्रातून निघून जाते. शिवाय मुखाकडचा पहिला मैल मोकळा होताच तिथल्या शेतकऱ्याची नाव चालू होते, तो खूश, आणि पुढच्या आठवड्यात बैल मागायला तोंड राहतं.

याच क्रमाने पुढे 1833 ते 1838 दरम्यान हेन्री श्रीव्हने लुइझियानातल्या रेड नदीवरचा 'ग्रेट राफ्ट' खालून वर फोडत नेला. शेकडो वर्षांचं साठलेलं, दीडशे मैलांहून लांब पसरलेलं लाकूड होतं ते. त्याच्याकडे वाफेच्या बोटी होत्या, तुमच्याकडे बैल. क्रम मात्र तोच.

लाकूड

दक्षिणेकडच्या नद्यांत निम्म्याहून जास्त काम लाकडाचं. पाण्यातलं झाड दोन प्रकारचं, आणि नावाड्यांनी त्यांना नावं दिलेली आहेत. प्लँटर म्हणजे मुळाकडची बाजू गाळात रुतलेलं, जागचं न हलणारं. सॉयर म्हणजे धारेबरोबर वर-खाली डुलणारं, करवत्या माणसासारखं. आता दिसतं, आता नाही. मुळं जड, म्हणून ती तळाला बसतात आणि शेंडा वाहत्या दिशेला वळतो. म्हणजे खाली येणारी नाव त्यावरून घसरून तरी जाते, पण वर चढणाऱ्या नावेच्या पोटात तो भाल्यासारखा घुसतो. वर चढण्याच्या वाटेवरचे प्लँटर आधी काढा.

पद्धत अशी. आधी साखळी, मग कुऱ्हाड. उलटं केलंत तर सुटलेला बुंधा तुमच्या हातात राहणार नाही. साखळी बुंध्याला, दोर काठावरच्या दणकट झाडाला वेढा देऊन बैलांच्या जोडीला. सरळ बैलांनीच ओढायला लावू नका. झाडाला वेढा असला की बुंधा घसरला तरी बैल पाण्यात ओढले जात नाहीत. मग फांद्या छाटायच्या, वरच्या अंगाला उभं राहून. वाहत्या दिशेला, ओंडक्याच्या खाली कोणीही उभं राहायचं नाही. याला अपवाद नाही. ढिगारा असेल तर त्यात एखादाच ओंडका बाकीच्यांना अडवून धरतो. तो शोधायला वेळ लागतो, लागू द्या. तो सापडला की उरलेलं काम नदी करते, आणि तेव्हा तुम्ही काठावर असलेलं बरं.

कापायचं ते तळाशी. वेठीचा माणूस पाट्या टाकतो. गुडघाभर पाण्यात वाकण्यापेक्षा सोयीच्या उंचीवर कापून मोकळा होतो. आज पाणी कमी आहे म्हणून तो बुडखा दिसतो. महिन्याने पाणी दोन फूट वर चढलं की तो लपतो आणि आधीच्या अख्ख्या झाडापेक्षा घातक होतो. झाड दिसायचं तरी. म्हणून तपासणी मुकादमाने स्वतः करायची, पाण्यात उतरून, पायाने चाचपून.

काढलेलं लाकूड काठावर टाकून घरी जाऊ नका. पुढचा पूर ते परत आणून देईल. एकतर पुराच्या खुणेच्या वर ओढून जाळा, किंवा नावेच्या लांबीपेक्षा पुष्कळ आखूड तुकडे करून सोडा, म्हणजे ते कुठे आडवे बसणार नाहीत. ओला ओक सोडलात तर तरंगणारच नाही, तळाला बसून नवा अडसर होईल.

काठावरच्या झाडांबद्दल माझं मत त्या काळच्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. वाकलेली, पाण्यावर आलेली झाडं जरूर तोडा, विशेषतः खालची माती गेलेले सिकॅमोर. पण सरसकट काठ बोडका करू नका. मुळं गेली की दरड ढासळते, पात्र पसरतं, पाणी उथळ होतं, आणि तुमचं दीड फूट गेलं. दुसरी गोष्ट, शेत काढायला झाडाची साल गोलाकार सोलून ते उभं वाळवण्याची इकडे पद्धत आहे. काठापासून झाडाच्या उंचीइतक्या अंतरात ते कोणालाही करू देऊ नका. पाच-सात वर्षांनी ती वाळकी झाडं एका वादळात सगळीच्या सगळी पाण्यात येतात.

आणि वळण कापून नदी सरळ करण्याचा मोह! दोन मैलांचा फेरा, मध्ये शंभर पावलांची जमीन. गावातला एखादा शहाणा हमखास सुचवतो. श्रीव्हने 1831 साली मिसिसिपीचं टर्नबुलचं वळण असंच कापलं, आणि त्यातून मिसिसिपी आणि तिथल्याच अचाफलाया नदीचं जे गणित बिघडलं ते इंजिनिअर लोक अजून निस्तरत आहेत. तुमची क्रीक लहान आहे, पण स्वभाव तोच.

दगड

डोंगराकडच्या नद्यांत दगड. इथे कौशल्य काढण्यात नाही, परत ठेवण्यात आहे.

सुटे दगड पहारीने उचकटायचे, लहान असेल तर हाताने, मोठा असेल तर साखळीत घालून. पण काढलेला दगड फेकू नका. तोच तुमचा माल. खळाळावर पाणी पसरट असतं, सगळीकडे सहा इंच. त्या सहा इंचांना एका जागी गोळा केलं तर दीड फूट होतात. म्हणून दोन्ही बाजूंनी दगडांचे बुटके बांध आणायचे, टोक वाहत्या दिशेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, आणि टोकाशी नावेपुरती फट ठेवायची. पाणी आपोआप तिथे धावतं आणि वाळूही स्वतःच वाहून नेतं. सप्टेंबरात मला दिसलेल्या रेघा त्या याच. डॅन नदीवर, उत्तर कॅरोलिनाच्या रॉकिंगहॅम काउंटीत, रोआनोक नॅव्हिगेशन कंपनीच्या काळातल्या अशा वाटा अजून आहेत. स्लिंक शोल, क्रॉस रॉक अशी त्यांची नावं, आणि आता त्यांची राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंद झाली आहे.

एक सावधगिरी. असाच व्ही तुम्हाला आधीच बांधलेला दिसेल, फटीशी टोपली लावायची जागा असलेला. तो मासे धरण्याचा बांध. त्यातले कित्येक तिथल्या मूळ लोकांनी गोऱ्यांच्या आधी घातलेले. तो सगळा उपसायची गरज नसते. फट रुंद केली की तयार बांध फुकट मिळतो. आपल्या आधी कोणीतरी नदीचा अभ्यास करून ठेवलाय, तो वापरा.

कातळ असेल तर सुरुंग. एकाने पोलादी छिन्नी धरून प्रत्येक घावाला थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण. पाणी सर्वात कमी असताना, लागलं तर भोवती मातीचा बांध घालून. भोकात दारू, वर चिकणमाती ठासायची, आणि ठासताना लोखंडी सळई वापरायची नाही. ठिणगी उडाली की ठासणारा गेला. वात म्हणून गवताची पोकळ काडी किंवा हंसाच्या पिसाची नळी, दारू भरलेली. भरवशाची वात बिकफर्डने इंग्लंडात काढली ती 1831 मध्ये, म्हणजे तुम्हाला अजून चाळीस वर्षं पिसावरच भागवायचंय. ते कधी झरकन जळतं, कधी अडून बसतं. नाही उडालं तर लगेच बघायला जाऊ नका. जेवून या.

दारू महाग. ती नसेल तर जुना उपाय: उघड्या पडलेल्या कातळावर दिवसभर लाकूड जाळायचं आणि तापला की गार पाणी ओतायचं. तडा गेला की पहार.

गिरणीवाला

लाकूड निघतं, कातळ फुटतो. गिरणीवाला हलत नाही.

त्याचा बांध नदीत आडवा असतो आणि दळण सगळ्या गावाला हवं असतं. त्यामुळे तुमचे निम्मे हात मनातून त्याच्याच बाजूचे. पेनसिल्वेनियात शुइलकिल नदीवर 1730 च्या दशकात गहू घेऊन खाली येणाऱ्या डोंग्या माशांच्या बांधांवर आदळून गहू भिजायचा. बांध तोडायला सरकारी माणसं गेली तर 1738 मध्ये लाठ्याकाठ्यांनी मारामारी झाली. म्हणून तोडायला जाऊ नका, मागायला जा. बांधाला एक उतरण ठेव, नाव घसरून जाईल एवढी. आठवड्यात दोन दिवस फळ्या उचल, म्हणजे सुटलेल्या पाण्याबरोबर नावा जातील. त्याचा माल पहिल्या नावेत फुकट न्या. आणि गुपचूप विधिमंडळाकडे अर्ज टाका, ही नदी सार्वजनिक महामार्ग जाहीर करा म्हणून. पेनसिल्वेनियाने 1771 पासून एकेक नदी अशीच जाहीर करत नेली. तो कागद हातात असला की गिरणीवाल्याचा सूर बदलतो.

तोच जेफरसन, रिव्हॅना मोकळी करणारा, म्हातारपणी तिच्यावरचा गिरणीवाला झाला. रिव्हॅना कंपनीला नावांसाठी वाट हवी, याला गिरणीचं पाणी हवं. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि 1817 साली प्रकरण कोर्टात गेलं. जागा बदलली की माणूस बदलतो.

लिंकनची गोष्टही सांगायला हवी. 1831 साली इलिनॉयमध्ये, सँगमन नदीवर, न्यू सेलमच्या गिरणीच्या बांधावर त्याची सपाट नाव अडकली. त्याने माल उतरवला, नावेला भोक पाडून आत शिरलेलं पाणी काढून दिलं आणि नाव पार केली. पुढच्याच वर्षी टॅलिस्मन नावाची आगबोट त्या नदीत आणायचं ठरलं. लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेऊन गावकरी पुढे गेले, त्यांत लिंकनही होता, फांद्या छाटत छाटत बोट स्प्रिंगफील्डजवळ आणली. जल्लोष झाला. आठवड्याभरात पाणी उतरायला लागलं. बोट उलटी फिरवायलाही जागा नव्हती. मागे-मागे नेली आणि त्यासाठी त्याच गिरणीच्या बांधाचा तुकडा तोडावा लागला. बोट बाहेर काढल्याबद्दल लिंकनला 40 डॉलर मिळाले. उथळ पाण्यावरून नाव उचलण्याच्या युक्तीचं 1849 सालचं पेटंटही त्याच्या नावावर आहे.

व्हिस्की

द्यावी लागते. दुपारनंतर द्या. दारू आणि सुरुंगाची दारू एकाच दिवशी नको.

काम झाल्यावर

झालं असं कधी होत नाही. पुढचा पूर नवं लाकूड आणणार. जेम्सवर मे 1771 च्या महापुराने तर जोडडोंग्याच वाहून नेल्या, आणि त्यातूनच रकर बंधूंची बटो आली. म्हणून वर्षाला दोन दिवस तरी राखून ठेवा, नुसत्या देखरेखीला. वेठीवरच्या नद्या पुन्हा पुन्हा बुजतात हे बघूनच लोकांनी कंपन्या काढल्या. वॉशिंग्टनची पोटोमॅक कंपनी 1785 ची. टोल घ्या, पगारी माणसं ठेवा. तिथेही माणसं पळून जायचीच, आणि पळालेला ओळखू यावा म्हणून बांधील मजुरांची डोकी आणि भुवया भादरायचे. पुढे 1824 मध्ये काँग्रेसने ओहायो आणि मिसिसिपीतलं लाकूड काढायला 75 हजार डॉलर मंजूर केले. तुमच्या क्रीकपर्यंत त्यातला एक सेंटही येणार नाही.

शेवटच्या दिवशी वही पुरी करा: कोणाचे हात, किती दिवस, कोण गैरहजर, कोणाची साखळी तुटली. साखळीची भरपाई स्वतःहून द्या. ती न दिल्याने जेवढी वैरं होतात तेवढी हद्दीवरूनही होत नाहीत. ज्या झाडांवर खुणा केल्या होत्या तिथे वाट उजवीकडे की डावीकडे ते कोरून ठेवा. माझ्यासारखा कोणी जाणकार पुढे नावेत बसलेला असू शकतो.

आणि तीन महिन्यांनी कोर्ट भरेल तेव्हा ताप असो, पाऊस असो, जातीने हजर राहा. पुढच्या वर्षीचा मुकादम त्याच दिवशी ठरतो.